वॉचमेन: सुपरहिरोंनाच जाब विचारणारं कॉमिक

न्यूयॉर्क, ऑक्टोबर १९८५. साठी ओलांडलेल्या एका धिप्पाड माणसाला कोणीतरी त्याच्याच फ्लॅटच्या खिडकीतून, काचेसकट, खाली फेकून देतं. फुटपाथवरचं रक्त धुतलं जात असताना गटाराच्या कडेला एक पिवळा बिल्ला पडलेला दिसतो. त्यावर हसरा चेहरा आहे आणि एका डोळ्यावर रक्ताचा थेंब. आपण व्हॉट्सॲपवर दिवसातून पन्नास वेळा पाठवतो, तोच हा हसरा चेहरा.

मेलेल्या माणसाचं नाव एडवर्ड ब्लेक. पोलीस तपास करून निघून जातात. रात्री एक मुखवटेधारी माणूस त्याच खिडकीतून आत शिरतो आणि कपाटामागचा चोरकप्पा शोधून काढतो. आत एक पोशाख टांगलेला असतो. मेलेला ब्लेक म्हणजे सरकारसाठी काम करणारा सुपरहिरो 'कॉमेडियन' होता!

'वॉचमेन' या कॉमिकची सुरुवात ही अशी होते. ॲलन मूर या इंग्रज लेखकाने ते लिहिलं, डेव्ह गिबन्सने चित्रं काढली आणि जॉन हिगिन्सने रंग भरले. सुपरमॅन आणि बॅटमॅन ज्यांचे, त्या अमेरिकेच्या डीसी कॉमिक्सने १९८६ ते १९८७ या काळात ते १२ अंकांत छापलं आणि नंतर त्याचं एक जाड पुस्तक झालं. विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार त्याला १९८८ मध्ये मिळाला. 'टाइम' साप्ताहिकाने २००५ मध्ये १९२३ नंतरच्या १०० उत्तम इंग्रजी कादंबऱ्या निवडल्या, त्या यादीतही हे कॉमिक होतं. 'कॉमिक म्हणजे पोराटोरांचं वाचन' असं म्हणणाऱ्यांना त्या यादीने बरंच बुचकळ्यात टाकलं.

नावाचा घोळ आधी निस्तरू

आपल्याकडे वॉचमन म्हटलं की सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेले काका डोळ्यांपुढे येतात. इथला अर्थ त्यापासून फार लांब नाही. ज्युव्हेनाल हा रोमन कवी. राखण करायला जे नेमले त्यांच्यावर नजर कोणी ठेवायची, अशा अर्थाचा त्याचा एक लॅटिन प्रश्न प्रसिद्ध आहे. कॉमिकचं नाव त्यावरून आलं. कथेतल्या न्यूयॉर्कच्या भिंतींवर हा प्रश्न जागोजागी रंगाने लिहिलेला दिसतो, पण पूर्ण वाक्य एकदाही दिसत नाही. कधी माणूस आडवा येतो, कधी चौकट संपते.

मराठीत यासाठी तयार म्हण आहेच: कुंपणच शेत खातं. शेताला कुंपण तर हवंच असतं, पण ते खायला लागलं तर तक्रार कोणाकडे न्यायची? सुपरहिरोंच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कोणी विचारला नव्हता, कारण सुपरहिरो चांगलाच असतो हे गृहीत धरलेलं होतं. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून भारतात आलेला आणि मराठीत 'वेताळ' झालेला फँटम घ्या. तो गुंडाच्या हनुवटीवर ठोसा मारून कवटीचा ठसा उमटवायचा आणि वाचक खूश व्हायचे. त्याला हा अधिकार कोणी दिला, असं कुणाच्या मनातही आलं नाही. १९८६ मध्ये, म्हणजे वॉचमेन निघालं त्याच वर्षी, हिंदीत राज कॉमिक्सचा 'नागराज' अवतरला. त्याचे सुरुवातीचे अंक पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी रंगवले होते. तिथेही नायक कोण आणि खलनायक कोण, याबद्दल वाचकाच्या मनात गोंधळ नसायचा.

मूरने नेमका हाच गोंधळ घातला.

जग तेच, फक्त एक माणूस जास्त

वॉचमेनमधली अमेरिका आपल्या ओळखीची आहे, पण इतिहासाचा सांधा मधेच बदललेला आहे. १९३८-३९ च्या सुमाराला काही माणसं कॉमिकमधल्यासारखे पोशाख घालून खरोखरच गुंडांना बडवायला रस्त्यावर उतरतात. त्यांच्याकडे कसलीही दिव्य शक्ती नसते. कोणी पोलीस, कोणी प्रसिद्धीला हपापलेली मॉडेल, तर कोणाला निव्वळ मारामारीची खाज. ते 'मिनिटमेन' नावाची टोळी करतात. काही वर्षांत ती भांडणांत आणि बदनामीत विस्कटते.

जग खऱ्या अर्थाने बदलतं ते १९५९ मध्ये. जॉन ऑस्टरमन हा घड्याळजीचा मुलगा. बापाने त्याला घड्याळं सोडून अणुशास्त्र शिकायला लावलेलं. प्रयोगशाळेत काम करताना तो मैत्रिणीचं दुरुस्त केलेलं घड्याळ प्रयोगाच्या खोलीत विसरतो, ते आणायला आत जातो आणि दार बंद होतं. त्याच्या शरीराचे कण कण होतात. काही महिन्यांनी तो परततो तो निळ्या, झळाळत्या देहाने. आता तो पदार्थाचे अणू हवे तसे मांडू शकतो. सरकार त्याचं नाव 'डॉक्टर मॅनहॅटन' ठेवतं, अणुबाँब बनवणाऱ्या प्रकल्पावरून.

अख्ख्या कथेत अतिमानवी शक्ती आहे ती या एकट्याकडे. मूरची विज्ञानकथा इथे सुरू होते. असा एक माणूस खरंच असता तर बाकीच्या जगाचं काय झालं असतं, हा हिशोब त्याने बारकाईने मांडला आहे. मॅनहॅटनला व्हिएतनाममध्ये पाठवल्यावर अमेरिका ते युद्ध जिंकते. जिंकल्यामुळे निक्सन लोकप्रिय राहतो, राज्यघटना बदलून घेतो आणि १९८५ मध्येही राष्ट्राध्यक्षच असतो. मॅनहॅटन लागेल तेवढं लिथियम तयार करू शकतो, म्हणून रस्त्यांवर विजेच्या गाड्या धावतात आणि फुटपाथवर चार्जिंगचे खांब दिसतात. हे १९८६ मध्ये कल्पलेलं आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

ऊर्जेचा एकच मोठा स्रोत समाज कसा हलवतो, हे महाराष्ट्राला परकं नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळी, अलोरे परिसराकडे उतरवलं गेलं आणि त्या विजेवर लांबच्या शहरांतले कारखाने चालले. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचे पुनर्वसनाचे प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले. वीज कुणाला आणि झळ कुणाला, हा सवाल मूरही विचारतो. फक्त त्याच्या कथेतलं वीजघर चालतं, बोलतं आणि हळूहळू माणसांत रस घेणं सोडून देतं.

मॅनहॅटनला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतं. कॉमिकचा चौथा अंक पूर्णपणे त्याच्या नजरेतून आहे. मंगळावर एकटा बसून तो एक फोटो हातात धरतो आणि त्याच क्षणी तो फोटो वाळूत पडलेलाही असतो. कादंबरीत हे सांगायला पानं खर्ची पडतील आणि सिनेमात प्रेक्षक गोंधळतील. कॉमिकच्या पानावर मात्र २६ वर्षांपूर्वीची चौकट आणि आत्ताची चौकट शेजारी शेजारी बसतात. वॉचमेन वाचायला वेळ नसेल तर निदान हा एक अंक वाचावा.

खुनाचा तपास करणारा रोर्शाक

ब्लेकच्या खिडकीतून आत शिरलेला तो मुखवटेधारी म्हणजे रोर्शाक. त्याच्या पांढऱ्या मुखवट्यावर काळे डाग सतत आकार बदलतात. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ हर्मन रोर्शाक यांची शाईच्या डागांची चाचणी प्रसिद्ध आहे, तिच्यावरून त्याने हे नाव घेतलेलं. १९७७ मध्ये पोलिसांचा संप झाला, दंगली पेटल्या आणि सरकारने 'कीन कायदा' करून मुखवटेधाऱ्यांवर बंदी घातली. सरकारी नोकरीत असलेले कॉमेडियन आणि मॅनहॅटन तेवढे सुटले, बाकीचे घरी बसले. रोर्शाक बसला नाही.

कोणीतरी जुन्या सुपरहिरोंना एकेक करून संपवतंय, अशी त्याची खात्री पटते आणि तो सगळ्यांना सावध करत फिरतो. नाईट आऊल म्हणजे डॅन ड्रायबर्ग आता पोट सुटलेला, एकाकी माणूस आहे आणि त्याचं उडतं यान तळघरात धूळ खातंय. सिल्क स्पेक्टर म्हणजे लॉरी. आईच्या हट्टापायी ती या धंद्यात आली होती. ओझिमँडियस म्हणजे एड्रियन वाइट, जगातला सर्वांत हुशार समजला जाणारा माणूस. बंदीच्या दोन वर्षं आधीच त्याने मुखवटा उतरवला आणि स्वतःच्या नावाने खेळणी, अत्तरं विकून तो गडगंज झाला. आजचे इन्फ्लुएन्सर काय करतात ते पाहिलं की हे पात्र काळाच्या किती पुढे होतं ते कळतं.

तपास जसा पुढे जातो तसं 'खून कोणी केला' यापेक्षा 'मेला तो कोण होता' हे जास्त भयंकर वाटू लागतं. कॉमेडियनने तरुणपणी सहकारी असलेल्या सॅली ज्युपिटरवर बलात्काराचा प्रयत्न केलेला असतो आणि टोळीने ते दाबून टाकलेलं असतं. व्हिएतनाममध्ये आपल्यापासून गरोदर असलेल्या स्त्रीला तो गोळी घालतो. मॅनहॅटन शेजारी उभा असतो. मनात आणलं असतं तर बंदुकीची वाफ करून टाकणं त्याला सहज शक्य होतं, पण तो काहीच करत नाही. एकाचा गुन्हा आणि दुसऱ्याची बेफिकिरी. दोघेही देशाचे अधिकृत नायक.

रोर्शाकची स्वतःची कहाणीही सरळ नाही. खरं नाव वॉल्टर कोव्हॅक्स, लहानपण मारहाणीत गेलेलं, मोठेपणी कपड्यांच्या कारखान्यात कामगार. मुखवट्याचं कापड तिथलंच. एका तरुणीने त्याचा ड्रेस मागवला आणि नंतर नाकारला. पुढे तिचा खून झाल्याची बातमी त्याने वाचली. ही तरुणी कॉमिकमधलं काल्पनिक पात्र नव्हे. किटी जेनोव्हीज हिचा १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात खरोखरच खून झाला होता. ३८ शेजाऱ्यांनी पाहिलं आणि कोणीही मदतीला आलं नाही, अशी बातमी तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिली आणि जगभर 'बघ्यांची गर्दी' या विषयावर मानसशास्त्राची पुस्तकं निघाली. पुढे ती बातमी अतिरंजित असल्याचं सिद्ध झालं. फार थोड्यांना प्रत्यक्ष काही दिसलं होतं आणि पोलिसांना कळवण्याचा प्रयत्नही झाला होता. म्हणजे रोर्शाकचा माणुसकीवरचा विश्वास उडाला तो अर्धवट खऱ्या बातमीवर! मूरने हे लिहिलं तेव्हा बहुतेकांना ती बातमी खरीच वाटत होती. पण फॉरवर्ड वाचून रक्त उसळणाऱ्यांच्या आजच्या काळात हा धागा आणखीच टोचतो.

ज्याची टिंगल केली तोच लाडका झाला

मूरला सुरुवातीला ही पात्रं नवी बनवायचीच नव्हती. चार्लटन नावाच्या कंपनीचे सुपरहिरो डीसीने १९८३ मध्ये विकत घेतले होते, त्यांच्यावर त्याला ही कथा बेतायची होती. पण कथेअखेरीस त्यातले काही मरणार, काही कायमचे बदनाम होणार, हे पाहून संपादक डिक जिओर्डानो यांनी त्याला नवी पात्रं घ्यायला लावली. मग 'क्वेश्चन'चा रोर्शाक झाला, 'ब्लू बीटल'चा नाईट आऊल, 'कॅप्टन ॲटम'चा मॅनहॅटन. 'क्वेश्चन'चा निर्माता स्टीव्ह डिटको म्हणजे स्पायडरमॅनच्या दोन जनकांपैकी एक. जगात फक्त काळं आणि पांढरं असतं, मधला राखाडी रंग म्हणजे भेकडपणा, अशा विचारांचा तो माणूस होता. हे विचार खऱ्या आयुष्यात कोणी काटेकोर पाळले तर तो कसा दिसेल? अंघोळ न करणारा, मित्र नसलेला, थंड डब्यातल्या शेंगा खाणारा, बोटं मोडून माहिती काढणारा. मूरने रोर्शाक असा रंगवला.

झालं उलटंच. वाचकांना रोर्शाकच सगळ्यांत जास्त आवडला. 'मी म्हणजे रोर्शाकच' असं सांगणारे चाहते भेटू लागल्यावर मूर हबकला आणि पुढे अनेक मुलाखतींत त्याने ते बोलून दाखवलं.

यात वाचकांचीच चूक आहे असं म्हणून भागणार नाही. गिबन्सने त्याला इतका झपाटून काढलाय आणि मूरने त्याच्या तोंडी इतके तुटक, धारदार संवाद दिलेत की त्याच्या बाजूने न होणं अवघड जातं. शिवाय न्यायालयाच्या तारखांना विटलेल्या माणसाला फटाफट निकाल लावणारा नायक हवाच असतो. महाराष्ट्र-गोव्याच्या पार्श्वभूमीवरचा 'सिंघम' २०११ मध्ये आला तेव्हा थिएटरांत शिट्ट्या वाजल्या त्या याचसाठी. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पोलीस सुधारणांवरच्या एका कार्यक्रमात याच चित्रपटाचं नाव घेतलं होतं. कायद्याची प्रक्रिया झुगारून एकट्याने न्याय करणारा पोलीस नायक म्हणून दाखवला तर घातक संदेश जातो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. वॉचमेन आणि सिंघम यांची तुलना कलाकृती म्हणून कोणी करू नये. पण टाळ्या मात्र एकाच जागेवर पडतात.

पानांची करामत

प्रत्येक पान नऊ सारख्या चौकटींच्या जाळीवर बेतलेलं आहे. कधी दोन-तीन चौकटी एकत्र होतात, पण जाळी मोडत नाही. त्यामुळे वाचताना घड्याळाच्या टिकटिकीसारखा ठेका तयार होतो, आणि अंकागणिक एक घड्याळ बाराकडे सरकत राहतं. अणुयुद्ध किती जवळ आलंय ते सांगण्यासाठी शास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या 'डूम्सडे क्लॉक'वरून ही कल्पना घेतली. खरं घड्याळ १९८४ मध्ये बाराला तीन मिनिटांवर आलं होतं. रेगन, थॅचर आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या त्या दिवसांत लोक खरंच घाबरलेले होते.

पाचवा अंक तर आरशासारखा आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानासारखी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यासारखी, आणि बरोबर मध्यावर दोन पानांत मिळून एक मोठं चित्र. पहिल्या वाचनात हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पेपरवाला आणि फुकटात कॉमिक वाचत बसलेला एक मुलगा आहे. मुलगा चाच्यांचं कॉमिक वाचतो, कारण जिथे सुपरहिरो खरेच आहेत तिथे त्यांची कॉमिक्स कोण विकत घेणार? त्या चाच्यांच्या गोष्टीत एक खलाशी आपलं गाव वाचवायच्या वेडात एकापाठोपाठ एक खून करत घरी पोहोचतो. मुख्य कथेत पुढे काय घडणार ते इथेच सांगून टाकलेलं आहे.

(इथून पुढे शेवट उघड होतो. वाचायचं ठरवलं असेल तर थेट शेवटच्या भागावर जा.)

खुनी कोण?

खुनी एड्रियन वाइट. अमेरिका आणि रशिया जगाची राख करणार, हे त्याने हिशोब मांडून ठरवलेलं असतं. दोघांना समान शत्रू दिला तरच ते थांबतील. म्हणून तो एका बेटावर शास्त्रज्ञ आणि कलाकार लपवून एक अजस्र, ऑक्टोपससारखा 'परग्रहवासी' तयार करवून घेतो. कॉमेडियनला या बेटाचा सुगावा लागतो, म्हणून त्याचा खून. मॅनहॅटन आड येऊ नये म्हणून त्याच्या जुन्या परिचितांना कॅन्सर होईल अशी व्यवस्था केली जाते आणि लोकांच्या आरोपांना कंटाळून तो मंगळावर निघून जातो.

रोर्शाक आणि नाईट आऊल वाइटला अंटार्क्टिकात गाठतात. वाइट शांतपणे सगळी योजना समजावून सांगतो. थरारकथेतले खलनायक असंच करतात आणि तेवढ्या वेळात नायक त्यांना हरवतो. इथे योजना आधीच पार पडलेली असते. न्यूयॉर्कमध्ये लाखो माणसं मेलेली असतात, पेपरवाला आणि तो मुलगा एकमेकांना कवटाळून संपलेले असतात. आणि दोन्ही महासत्ता खरोखरच युद्ध थांबवतात.

आता काय करायचं? खरं सांगितलं तर शांतता मोडेल, गप्प बसलं तर लाखोंचा खुनी मोकळा. नाईट आऊल, लॉरी आणि मॅनहॅटन गप्प बसतात. नकार देतो फक्त रोर्शाक, तोच रोर्शाक ज्याच्या पद्धती पाहून आपल्याला शिसारी आलेली असते. बर्फात उभं राहून तो मुखवटा काढतो. मॅनहॅटन त्याला मारून टाकतो. पण निघण्याआधी रोर्शाकने आपली डायरी एका चिल्लर, भडक वर्तमानपत्राला पोस्टाने पाठवलेली असते. शेवटच्या पानावर तिथला एक गबाळा नोकर छापायला काहीतरी हवं म्हणून रद्दी-पत्रांच्या ढिगाकडे हात नेतो. त्याच्या टी-शर्टवर पिवळा हसरा चेहरा, त्यावर सॉसचा डाग. कॉमिक तिथे संपतं.

पडद्यावर आणि कोर्टकागदांत

झॅक स्नायडरने २००९ मध्ये यावर चित्रपट काढला. चौकटी जशाच्या तशा उतरवल्या, मात्र शेवटी ऑक्टोपस काढून दोष मॅनहॅटनच्या माथी मारला. एचबीओवरची २०१९ ची मालिका जास्त धाडसी निघाली. तिने १९२१ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली, त्या खऱ्या हत्याकांडापासून सुरुवात केली आणि मुखवटे थेट पोलिसांनाच चढवले. तिला ११ एमी पुरस्कार मिळाले. हे हत्याकांड आपल्याला शाळेत कधी शिकवलंच नव्हतं, असं मालिका पाहून अनेक अमेरिकन लोकांनी लिहिलं.

दोन्हींत ॲलन मूरचं नाव नाही. करारानुसार पुस्तक बाजारातून गेलं की हक्क मूर आणि गिबन्स यांच्याकडे परत येणार होते. त्या काळी कॉमिक्स काही महिन्यांत बाजारातून जायचीच, त्यामुळे दोघांनाही अट चांगली वाटली. वॉचमेन मात्र इतकं खपलं की डीसीने त्याची छपाई आजतागायत थांबवलेली नाही. हक्क परत आले नाहीत, मूरने डीसीशी संबंध तोडला आणि चित्रपटाच्या पैशांतला आपला वाटा गिबन्सला द्यायला सांगितला. २०१२ मध्ये डीसीने त्याच्या पात्रांवर आधीच्या काळातल्या गोष्टी काढल्या आणि २०१७ पासून 'डूम्सडे क्लॉक' नावाच्या मालिकेत डॉक्टर मॅनहॅटनला थेट सुपरमॅनसमोर आणून उभं केलं.

वाचायचंच असेल तर मोबाइलच्या छोट्या पडद्यावर एकेक चौकट सरकवत वाचू नका, पाचव्या अंकातला आरसा तिथे दिसतच नाही. छापील प्रत मिळवा. आणि शेवटचा सोडून बाकी प्रत्येक अंकाच्या शेवटी जोडलेली नुसत्या मजकुराची पानं कंटाळवाणी वाटली तरी वगळू नका. पहिल्या तीन अंकांत म्हाताऱ्या नाईट आऊलच्या आत्मचरित्राची प्रकरणं आहेत. सॅलीचं काय झालं आणि टोळीने ते कसं झाकलं, हे तिथे आहे.